भविष्य अचूक कळलं तर निर्णय आपला राहतो का? (वासरू, पंचांग आणि लाप्लास)

होटगी_रोड (धागाकर्ता)

बाहेरगावच्यांसाठी आधी थोडं. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. नंदीध्वज आणि अक्षता सोहळा बहुतेकांना ऐकून माहीत असतात. होमाच्या रात्री आणखी एक गोष्ट होते, ती म्हणजे भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, फळं असं काय काय मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बिथरतं का, मूत्र करतं का, यावरून वर्षाचा पाऊस आणि बाजारभाव सांगितले जातात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते.

वासराचं खरं होतं का, यावर वेगळं भांडू. माझा प्रश्न उलट बाजूने आहे. समजा, ते कधीच चुकत नाही. वासरू म्हणा, देव म्हणा, कॉम्प्युटर म्हणा, पण असं कुणीतरी आहे ज्याला मी उद्या सकाळी काय करणार हे आजच शंभर टक्के ठाऊक आहे. मग उद्या सकाळी मी जे 'ठरवेन' त्यात ठरवण्यासारखं काय उरलं?

फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१४ साली संभाव्यतेवरच्या निबंधात अशाच एका बुद्धीची कल्पना केली होती. एका क्षणी विश्वातला प्रत्येक कण कुठे आहे आणि त्यावर कोणती बलं काम करतायत हे जिला माहीत आहे, तिला काहीच अनिश्चित राहणार नाही. भूतकाळासारखाच भविष्यकाळही तिच्या डोळ्यांपुढे असेल. पुढे लोक तिला लाप्लासचा राक्षस म्हणू लागले. माझं मत असं की तो राक्षस असेल, तर ठरवणारा मी नाही. फार तर मी एक मध्यस्थ.

पटत नसेल तर कारण द्या. 'सगळं प्रारब्ध' एवढंच लिहून जाऊ नका.

शेंगाचटणी

सगळं प्रारब्ध.

कडकभाकरी

@शेंगाचटणी, हे लिहिणं तरी तुझ्या हातात होतं का बे?

नवी_पेठ

लाप्लासचं राहू द्या मालक. आमच्या गल्लीत नळाला पाणी नेमकं कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार, हे सांगणारा कुणी भेटला तर मी माझं सगळं स्वातंत्र्य त्याच्या पायावर ठेवायला तयार आहे. तसंही ते पाण्याची वाट बघण्यातच जायलंय.

अक्कलकोटची_अक्का

होटगी_रोड, तू 'आधी माहीत असणं' आणि 'भाग पाडणं' एकत्र केलंस, म्हणून अडकलास.

दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष त्यात आधीच दिला होता. पण पंचांगात छापलं म्हणून ग्रहण लागलं नाही. ते लागणार होतं म्हणून छापलं गेलं. माहितीचा ओघ घटनेकडून पंचांगाकडे आहे.

माझ्या वर्गात (तीस वर्षं गणित शिकवलंय, तेव्हा हे सहन करा) मुलं नेमकी इथेच घसरायची. 'तू उद्या रजा घेणार हे कुणाला माहीत असेल, तर तू उद्या रजा घेशील' हे वाक्य अटळपणे खरं आहे, कारण खोट्या गोष्टीला आपण 'माहीत असणं' म्हणतच नाही. पण त्यावरून 'तुझं रजा घेणं अटळ आहे' असं निघत नाही. अटळ आहे तो 'जर-तर'चा सांधा. रजा नव्हे. तू रजा घेणार नसतास, तर त्याला तेच माहीत असतं.

ताणाबाणा

अक्का, चंद्राला पंचांग वाचता येत नाही.

अक्कलकोटची_अक्का

@ताणाबाणा, अर्धी ओळ लिहून पळू नकोस. पुढे लिही.

ताणाबाणा

लिहितो, आधी जेवण झालं.

पंचांगवाले ग्रहण छापून मोकळे होतात, कारण चंद्र ते वाचून रस्ता बदलत नाही. माणूस बदलतो. तुम्ही मला सांगितलंत की 'उद्या तू चहाच घेणार', तर मी मुद्दाम कॉफी मागवीन. आता तुमचं अचूक भविष्य कुठे गेलं? म्हणजे अचूक भविष्य आणि मोकळा माणूस एका गावात नांदत नाहीत. धागाकर्त्याचं बरोबर आहे, फक्त मी त्याची दुसरी बाजू घेतो. मी कॉफी मागवू शकतो हे मला माहीत आहे. म्हणून राक्षस नाही.

एमआयडीसी_रिले

ताणाबाणा, तुमच्या कॉफीने काहीच सिद्ध होत नाही. माझं काम कारखान्यातल्या कंट्रोल पॅनेलचं. एक दिवा आणि एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, द्या. 'दिवा लागणार' असा संदेश आत आला की रिले सर्किट तोडतो, 'लागणार नाही' असा आला की जोडतो. झालं. तुम्ही कोणतंही भविष्य सांगा, दिवा ते खोटं पाडणार. त्या दिव्याला इच्छास्वातंत्र्य आहे का? चार तारा आणि एक कॉइल आहे. शिवाय त्याची प्रत्येक हालचाल मला आधीच माहीत आहे. फक्त मी ती त्याला सांगायची नाही.

म्हणजे सांगितलेलं भविष्य खोटं पाडता येणं हा मोकळेपणाचा पुरावा नाही. तो उलट्या वायरिंगचा पुरावा आहे.

कडकभाकरी

आमच्या धाकट्याचं वायरिंग उलटं आहे हे आज कळलं. 'अभ्यास करू नको' म्हणून बघतो.

नवी_पेठ

@कडकभाकरी, नेमकं त्याच दिवशी वायरिंग सरळ होईल. अनुभव आहे.

मोहोळचा_कांदेवाला

मंडळी, चहाकॉफीत कुठं अडकलाय. आमचा धंदाच सांगितलेल्या भविष्यावर चालतो.

सोलापूरच्या बाजार समितीत कांदा किती येतो ते कुणाला सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत ट्रकच्या रांगा बघा. आता एखाद्या शहाण्यानं जूनमध्ये छापलं की यंदा भाव चढा राहणार. सगळा तालुका रोपं टाकतो, आवक वाढते, भाव कोसळतो. छापलं की भाव पडणार, तर लोक मका लावतात, कांदा कमी येतो आणि भाव चढतो. दोन्ही वेळेला छापणारा खोटा. गप्प बसला असता तर खरा ठरला असता. आमच्यात म्हणतात, शेजाऱ्यानं कांदा उपटला की आपण लावायचा.

आणि हे सगळं जमलं तरी वरून सरकार आहेच. २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली ती मे २०२४ पर्यंत राहिली. ते कुठल्या वासराला विचारणार?

अक्कलकोटची_अक्का

कांदेवाले दादा, तुम्ही जे सांगितलंत ते अर्थशास्त्रात फार गाजलेलं कोडं आहे. आणि त्याचं उत्तर तुम्हाला वाटतं तितकं निराशेचं नाही.

१९५४ साली ग्रुनबर्ग आणि मोदिल्यानी या अर्थशास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षी हर्बर्ट सायमनने निवडणुकीच्या अंदाजांबद्दल तेच दाखवलं. प्रश्न असा की, लोक अंदाज ऐकून वागणं बदलतात, तरी जाहीर केलेला अंदाज खरा ठरू शकतो का? उत्तर : पुष्कळदा हो. समजा, किलोला दहा रुपये जाहीर केले तर लोक लावणी कमी करतात आणि प्रत्यक्षात तीस मिळतात. तीस जाहीर केले तर सगळे लावतात आणि आठ मिळतात. मग दहा आणि तीसच्या मधे कुठेतरी असा एक आकडा सापडतो की तो जाहीर केला तर लोक जसे वागतील, त्यातून बरोबर तोच भाव निघेल. गणितात याला स्थिरबिंदू म्हणतात. ब्राउवरचं प्रमेय त्याची हमी देतं, फक्त एक अट आहे : जाहीर आकडा थोडा बदलला तर परिणामही थोडाच बदलला पाहिजे. मधे उडी नको.

आता रिलेचा दिवा बघा. तिथे फक्त उडीच आहे, लागणे किंवा न लागणे. मधला आकडाच नाही, म्हणून स्थिरबिंदूही नाही. ताणाबाणाची कॉफी तशीच. तिथे खरं भविष्य *असू* शकतं, पण ते ताणाबाणाला *सांगता* येत नाही.

ताणाबाणा

म्हणजे सगळं माहीत असलेल्यानं तोंड बंद ठेवायचं?

अक्कलकोटची_अक्का

तुझ्यापुढे तरी बंद ठेवायचं. माझ्या कानात सांगितलं तर चालेल.

शेंगाचटणी

अक्कांना सांगितलं म्हणजे सगळ्या अक्कलकोट रोडला सांगितलं.

अक्कलकोटची_अक्का

@शेंगाचटणी, तुझं प्रारब्ध माझ्या हातात आहे हे लक्षात ठेव.

साडेसाती_विशेषज्ञ

इथे सगळे भविष्य या विषयावर बोलतायत आणि एकानेही ज्योतिषशास्त्राचा अभ्यास केलेला नाही. ज्योतिष 'अटळ' सांगत नाही, ते कल सांगतं. ग्रह प्रवृत्त करतात, सक्ती करत नाहीत. त्यामुळे इच्छास्वातंत्र्याशी आमचा काही झगडाच नाही. उपाय सांगतो तो कशासाठी? बदलता येतं म्हणूनच ना?

नवी_पेठ

सोयीस्कर आहे. खरं झालं तर ग्रह, खोटं झालं तर इच्छास्वातंत्र्य.

एमआयडीसी_रिले

२००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि मंडळींनी चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र केल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या तपासून उत्तरं पाठवली. सरासरी यश ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. कल सांगतो म्हणता, तर तो निदान पन्नासच्या वर दिसायला हवा.

साडेसाती_विशेषज्ञ

त्या चाचणीत जन्मवेळा

साडेसाती_विशेषज्ञ

(मोबाईलवरून अर्धंच गेलं.) जन्मवेळा घरच्यांनी सांगितलेल्या होत्या, त्या अचूक असतीलच असं नाही. त्यावर वेगळा धागा काढतो.

होटगी_रोड

काढा, पण इथे नको. अक्का, तुमचा 'जर-तर' मला कळला. तरी एक गोष्ट खुपते. राक्षस गप्प बसला आणि मला काहीच सांगितलं नाही. तरी त्याच्या वहीत 'उद्या रजा' असं लिहिलेलं आहे, आणि वही आज संध्याकाळीच बंद झाली. बंद झालेल्या वहीतलं मला बदलता येत नाही. मग रजा बदलता येते असं मी कसं म्हणू?

कोर्ट_कँटीन

वकिली चष्म्यातून. कोर्टात कुणी 'आरोपी हे करणार हे कुणाला आधी माहीत होतं का' असं विचारून आरोपीला सोडत नाही. आम्ही विचारतो, त्याला आपण काय करतोय हे कळत होतं का, आणि कुणी धाक घातला होता का. जुन्या दंड संहितेत ८४ कलम पहिल्यासाठी होतं, ९४ दुसऱ्यासाठी. नव्या संहितेत आकडे बदलले, प्रश्न तेच राहिले. 'साहेब, हा दारू पिऊन भांडणार हे त्याच्या बायकोला सकाळीच ठाऊक होतं, म्हणून तो निर्दोष आहे' हा बचाव मी अजून कुणाला करताना पाहिलेलं नाही. केला तर बायको साक्षीदार म्हणून सरकारी पक्षाकडून उभी राहील.

आता वहीबद्दल. हॅरी फ्रँकफर्ट नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६९ साली एक उदाहरण दिलं, ते मला फार आवडतं. समजा, एकाने तुमच्या डोक्यात गुपचूप यंत्र बसवलंय. तुम्ही रजा न घेण्याकडे झुकलात तर ते तुम्हाला रजेकडे ढकलणार. पण तुम्ही आपणहून, आपल्या कारणांनी रजा घेतलीत. यंत्राला काही करावंच लागलं नाही. तुम्हाला दुसरा रस्ता नव्हता हे खरं, तरी ही रजा तुमचीच, आणि साहेबांची बोलणीही तुम्हीच खाणार. म्हणजे 'दुसरं काही करता आलं असतं' ही जबाबदारीची अट आहेच असं नाही. कृत्य कुठून आलं, हे बघायचं.

ग्रंथमाला

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. हा वाद युरोपातून आलाय असं समजून सगळे लिहिताहेत, म्हणून थोडं आपल्याकडचं. लांबेल.

महावीर आणि बुद्धांच्या काळात मक्खली गोशाल हा आजीवक नावाच्या श्रमण पंथाचा पुढारी होता. त्याचं मत शुद्ध नियतिवादाचं : प्रयत्न नाही, पराक्रम नाही, जे होतं ते नियतीने. बौद्ध ग्रंथांत त्याच्या तोंडी एक दाखला आहे. सुताची गुंडी फेकली की दोरा संपेपर्यंत ती उलगडत जाते, तसे शहाणे आणि मूर्ख सगळेच आपापला संसार संपेपर्यंत फिरून मग मोकळे होतात. आपल्या मागाच्या गावात हा दाखला कुणाला समजावून सांगायला नको.

जैन आगमात, उवासगदसाओमध्ये, याचं उत्तर गोष्टीरूपात येतं. सद्दालपुत्त नावाचा कुंभार गोशालाचा अनुयायी. महावीर त्याला विचारतात, ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नाशिवाय? तो मताला धरून सांगतो की नियतीने झाली, प्रयत्न असं काही नसतंच. मग महावीर विचारतात, कुणी तुझी मडकी चोरली, फोडली, तुझ्या बायकोशी गैरवर्तन केलं, तर काय करशील? तो म्हणतो, झोडपीन, जीवही घेईन. आता नियतीनेच सगळं होत असेल तर फोडणाऱ्याने काय केलं? त्याच्यावर रागावण्याचा तुला हक्क कुठला? सद्दालपुत्त निरुत्तर होतो.

पण खरी गंमत पुढे आहे. जैनांचा सर्वज्ञ सगळ्या द्रव्यांचे सगळे पर्याय, म्हणजे झालेल्या आणि होणाऱ्या सगळ्या अवस्था, जाणतो. धागाकर्त्याचा राक्षस आमच्या घरातच बसलेला आहे! मग महावीरांचा पक्ष गोशालापेक्षा वेगळा कसा? विसाव्या शतकात सोनगढच्या कानजी स्वामींनी 'क्रमबद्ध पर्याय' ठामपणे मांडला. प्रत्येक द्रव्याच्या अवस्था ठरलेल्या क्रमाने येतात, म्हणूनच सर्वज्ञ त्या जाणू शकतो. त्यावर दिगंबर समाजात केवढे वाद झाले! विरोधक म्हणाले, हा तर गोशाल मागच्या दाराने आला, पुरुषार्थ संपला. समर्थक म्हणाले, पुरुषार्थही त्याच क्रमातला एक पर्याय आहे. सर्वज्ञाने 'हा मोक्षाला जाईल' असं पाहिलंय ते 'पुरुषार्थ करून जाईल' असंच पाहिलंय, न करता नव्हे.

आमच्या घरी या विषयावर दोन काकांचं बोलणं बंद झालेलं मी लहानपणी पाहिलं आहे. दोघंही जीवराज ग्रंथमालेची (सोलापुरातली जैन ग्रंथ छापणारी संस्था) पुस्तकं उघडून एकमेकांना दाखवायचे.

माझा कल समर्थकांच्या त्या शेवटच्या वाक्याकडे आहे, बाकीच्यांकडे नाही. वहीत नुसतं 'रजा' लिहिलेलं नाही. 'सगळा विचार करून, साहेबांचा राग पत्करून रजा' असं लिहिलंय. विचार वगळून वही पुरी होत नाही.

ताणाबाणा

सुताची गुंडी आवडली. फक्त आमच्याकडे ती मधेच तुटते आणि गाठ मारावी लागते. गाठ कोण मारतो, गोशालाला विचारा.

होटगी_रोड

ग्रंथमाला, हे मला ठाऊकच नव्हतं. कुंभाराची गोष्ट मात्र एवढंच दाखवते की नियतिवादी माणूस नियतिवाद्यासारखा वागत नाही. त्याने नियतिवाद खोटा ठरत नाही. रागही नियतीतच बसतो.

ग्रंथमाला

बसतो. पण मग उपदेशही बसतो, आणि ऐकून बदलणारा कुंभारही. सद्दालपुत्त महावीरांचा अनुयायी झाला.

पार्क_चौकातला_कट्टा

वातावरण फार गंभीर झालंय. एक खेळ खेळू. विल्यम न्यूकम या भौतिकशास्त्रज्ञाच्या डोक्यातून निघालेलं कोडं, रॉबर्ट नोझिकने १९६९ मध्ये छापून प्रसिद्ध केलं. रुपयांत करतो.

समोर दोन डबे. एक उघडा, त्यात हजार रुपये दिसतायत. दुसरा बंद, त्यात एकतर दहा लाख आहेत किंवा काहीच नाही. तुम्ही फक्त बंद डबा घेऊ शकता किंवा दोन्ही. भविष्यवेत्त्याने तुमचा अंदाज कालच करून ठेवलाय : तुम्ही फक्त बंद डबा घेणार असं दिसलं असेल तर त्यात दहा लाख ठेवलेत, दोन्ही घेणार असं दिसलं असेल तर रिकामा. तो आजवर जवळपास कधीच चुकलेला नाही. काय घेणार? कारणासकट लिहा.

कडकभाकरी

बंद डबा. ज्यांनी बंद घेतला ते लखपती झाले, ज्यांनी दोन्ही घेतले ते हजार घेऊन घरी गेले. यात विचार कसला?

एमआयडीसी_रिले

दोन्ही. पैसे काल ठेवलेत किंवा ठेवलेले नाहीत. माझा आजचा हात कालच्या डब्यात पोचत नाही. बंद डब्यात काहीही असो, दोन्ही घेतले तर हजार जास्तच मिळणार.

कडकभाकरी

बरोबर आहे मालक, तुम्ही हजार घेऊन जा.

नवी_पेठ

बंद डबा घेऊन मग उघडा डबा 'चुकून' घेतला तर?

पार्क_चौकातला_कट्टा

तेही त्याला कालच दिसलंय. रिकामा.

कोर्ट_कँटीन

मी बंद. पण रिलेसाहेबांच्या तर्कात मला चूक सापडत नाही याचा त्रास होतोय.

अक्कलकोटची_अक्का

मी बंद डबा घेते आणि मला त्रास होत नाही. भविष्यवेत्त्याने काल माझा हात पाहिला नाही, माझा स्वभाव पाहिला. हजारासाठी दहा लाखांचा भरवसा मोडणारी बाई मी आहे की नाही, एवढंच त्याला कळायचं होतं. आज मी जे करते ते त्याच स्वभावातून. भविष्य अचूक होतं, म्हणून माझी निवड माझी राहिली नाही असं मला इथे वाटतच नाही. उलट ती माझी आहे म्हणूनच त्याला ओळखता आली. आळीपाळीने कधी हे, कधी ते, काही कारण नसताना निवडणारा माणूस ओळखता येणार नाही खरा, पण त्याला मोकळा म्हणायचं का?

एमआयडीसी_रिले

अक्का, उत्तर छान आहे, पण हजार रुपये टेबलावर राहिले.

डॉक्टर_नाही_पण

मेंदूचं कुणी काढलंच नाही. बेंजामिन लिबेटचा १९८३ चा प्रयोग. माणसाला सांगितलं, मनाला येईल तेव्हा मनगट हलव, आणि हलवावंसं वाटलं तेव्हा समोरच्या घड्याळातला ठिपका कुठे होता ते लक्षात ठेव. 'हलवावं' ही जाणीव हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी यायची. पण मेंदूतली विद्युत तयारी सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच सुरू झालेली असायची. म्हणजे मेंदूने ठरवलं, मग आपल्याला कळवलं. २००८ मध्ये जर्मनीत एमआरआय वापरून डावं बटण की उजवं, हे जाणिवेच्या काही सेकंद आधी ओळखता आलं. विषय संपला.

कोर्ट_कँटीन

विषय संपत नाही. त्या जर्मन प्रयोगात ओळखण्याचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास होतं. नाण्यापेक्षा बरं, शंभरपासून फार लांब. लिबेट स्वतःसुद्धा म्हणत होता की शेवटच्या क्षणी 'नको' म्हणण्याची मुभा जाणिवेकडे राहते. आणि २०१२ मध्ये शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती 'तयारी' म्हणजे मेंदूतल्या आपोआप चढउतारांची सरासरी असू शकते. हालचाल झाली तिथून मागे मोजत गेलं की चढच दिसणार. निर्णय आधी झाला होता असं त्यातून निघत नाही. शिवाय मनगट कधी हलवायचं याला काही कारणच नसतं. ज्याला कारण नाही, तिथे निवडीची परीक्षा कसली? मुलीला शिकायला पुण्याला पाठवायचं की नाही, हे घड्याळातल्या ठिपक्याकडे बघत कुणी ठरवत नाही.

ढगात_मीठ

सगळे 'समजा अचूक' म्हणून चालले आहेत. तसं समजायलाच माझी हरकत आहे. १९६१ च्या हिवाळ्यात एडवर्ड लोरेन्झने हवामानाचं गणित कॉम्प्युटरवर पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ टाकलं, आणि काही काळाने दोन हवामानांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. नियम तेच, सुरुवातीत केसाएवढा फरक. आपल्याकडे २०१८-१९ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापूर भागात ढगांत बीजरोपणाचा (कृत्रिम पावसाचा) प्रयोग केला, तेव्हाही बीज टाकायचे ढग यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निवडले होते. का? कारण 'टाकलं नसतं तर या ढगातून किती पडला असता' हे एकेका ढगाबद्दल कुणीच सांगू शकत नाही. एका ढगाची ही कथा, मग होटगी रोडवरच्या माणसाची काय सांगायची.

एमआयडीसी_रिले

ते अज्ञान झालं, स्वातंत्र्य नव्हे. ढगाचं भविष्य सांगता येत नाही म्हणून ढग मोकळा होत नाही. पुंज भौतिकी काढणार असाल तर तेही ऐका : अणू यदृच्छेने उडाला म्हणून माझा हात हलला, तर ती निवड माझी नाही, अणूची.

ढगात_मीठ

पुंज भौतिकी काढणारच होतो. राहू दे.

सकाळचं_कीर्तन

गीतेकडे कुणी गेलं नाही याचं नवल वाटतं. 'सांगितलेल्या भविष्या'चं सगळ्यात मोठं उदाहरण तिथेच आहे. अकराव्या अध्यायात कृष्ण सांगतो की हे सगळे मी आधीच मारलेले आहेत, तू निमित्तमात्र हो. भविष्य सांगितलं, तेही ज्याच्या हातून घडायचं त्यालाच. अठराव्यात म्हणतो की अहंकाराने 'लढणार नाही' म्हणालास तरी तुझा स्वभाव तुला लढायला लावील. आणि त्याला लागूनच, तीन श्लोकांनी, 'यथेच्छसि तथा कुरु'. तुला वाटेल तसं कर.

हा विरोध आहे असं म्हणून लोक हसतात. पण रिलेसाहेबांच्या दिव्याला हे सांगितलं असतं तर दिवा उलटा वागला असता. अर्जुन वागला नाही. कृष्णाला सांगणं परवडलं, कारण त्याने आधी सतरा अध्याय अर्जुनाचे प्रश्न ऐकून घेतले होते. सगळं समजल्यावर जे करशील तेच मी सांगतोय, म्हणून आता वाटेल तसं कर.

अक्कलकोटची_अक्का

बुवा, म्हणजे अर्जुन हा स्थिरबिंदू!

सकाळचं_कीर्तन

गणित आम्हाला कळत नाही अक्का, पण ऐकायला बरं वाटतं.

होटगी_रोड

पुष्कळ झालं. माझं आत्ता कुठे आलंय ते लिहितो.

आधी माहीत असणं म्हणजे भाग पाडणं नव्हे, हे पटलं. रिलेच्या दिव्यामुळे 'भविष्य खोटं पाडता येतं म्हणून मी मोकळा' हाही मार्ग बंद झाला. अक्का आणि ग्रंथमाला म्हणतात की निवड माझ्या स्वभावातून, माझ्या विचारातून आली एवढं पुरे. इथे मी थांबतो. स्वभाव माझा खरा, पण तो मी निवडला नाही. आई-वडील, गिरणी बंद पडलेलं घर, शाळा, गावाचं ऊन, यांनी तो बनवला. राक्षसाला माझी वही वाचता येते, कारण ती माझ्या जन्माआधीच्या पानांवरून लिहिली गेली. म्हणून माझं भांडण मुळात भविष्य कळण्याशी नसावं. ते मागच्या पानांशी आहे. कुणाला कळो न कळो, ती पानं आहेतच.

कोर्ट_कँटीन

हा वेगळा प्रश्न झाला आणि मूळ प्रश्नापेक्षा अवघड. स्वभाव कुणीच शून्यातून निवडत नाही. पण बदलतो, तेही काही अंशी आपल्याच हाताने. कोर्टसुद्धा अल्पवयीनाला वेगळं मोजतं ते याचसाठी, की हा हात अजून तयार झालेला नाही.

होटगी_रोड

काही अंशी म्हणजे किती?

कोर्ट_कँटीन

पुढची तारीख घ्या.

मोहोळचा_कांदेवाला

ते सगळं ठीक हाय, पण मंडळी, यंदा कांदा लावू का नको?

एमआयडीसी_रिले

लावा. पण इथे लिहू नका.

शेंगाचटणी

लिहिलं की त्यांनी. आता मी मका.